डिझाइन स्टुडिओत इंजिनिअरचं काय काम?

पुण्या-मुंबईत मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलाला डिझाइनची नोकरी मिळते ती साधारण तीन प्रकारच्या ठिकाणी. एक, स्वतःचा माल बनवणारी कंपनी. चाकणची गाड्यांची असेल, पंपांची असेल, तिथलं डिझाइन खातं. दोन, इंजिनिअरिंग सर्व्हिसेस. परदेशातल्या क्लायंटचे पार्ट इथे बसून मॉडेल करायचे, ड्रॉइंग काढायची. आणि तीन, डिझाइन स्टुडिओ. हा आकाराने लहान असतो, बऱ्याचदा वीस-पन्नास माणसांचा. स्वतः काहीच विकत नाही. दुसऱ्यांसाठी वस्तू कल्पायच्या, आखायच्या, बनवून दाखवायच्या आणि सोपवून मोकळं व्हायचं. मिक्सर, वॉटर प्युरिफायर, रक्तदाब मोजायचं यंत्र, एखाद्या स्टार्टअपचं इलेक्ट्रिक चार्जर, जे काम येईल ते. तिथले बहुतेक लोक डिझाइनच्या शाळांतून आलेले. अहमदाबादची एनआयडी 1961 ची, आयआयटी मुंबईचं आयडीसी 1969 चं. नंतर खासगी संस्था भरपूर निघाल्या. या मंडळींमध्ये इंजिनिअर मूठभर असतात. हा लेख त्या मूठभरांबद्दल आहे.

माझं मत आधीच सांगतो. वस्तू कागदावर असते, बदल फुकटात होतो, त्या वेळी डिझाइन स्टुडिओत इंजिनिअरच्या शब्दाला वजन असतं. असं वजन मोठ्या कंपनीत दहा वर्षं घालवूनही सहसा मिळत नाही. पण वस्तू खरी बनायला लागते, चुका दाखवायला लागते, शिकवायला लागते, तेव्हा ती स्टुडिओच्या हातातून गेलेली असते. पगार, उशिरापर्यंत थांबणं, मानपान या बाकीच्या गोष्टी बऱ्याच अंशी यातूनच निघतात.

सुंदर चित्राचा पार्ट होतो कसा

प्रकल्प सुरू होतो क्लायंटच्या ब्रीफने, म्हणजे काय हवंय ते सांगणाऱ्या टिपणाने. डिझाइनर लोकांच्या घरी, दवाखान्यात, दुकानात जाऊन माणसं ती वस्तू कशी वापरतात ते पाहतात. मग स्केचेस, फोमची मॉडेल्स, दोन-तीन कन्सेप्ट. क्लायंट एक निवडतो आणि आता तो साच्यात ओतता येईल असा करायचा असतो. इथे इंजिनिअर लागतो.

प्लास्टिकच्या वस्तूचंच उदाहरण घेऊ, कारण स्टुडिओतलं पुष्कळसं काम तेच असतं. वितळलेलं प्लास्टिक दाबाने स्टीलच्या साच्यात भरतात, ते थंड होतं, साचा उघडतो, पार्ट बाहेर ढकलला जातो. उकडीच्या मोदकाचा साचा आठवा. त्याच्या पाकळ्या उघडतात त्या ठिकाणी मोदकावर बारीक रेघ उमटते, आणि पाकळी ज्या दिशेने उघडते त्या दिशेला आड येणारा खाचखळगा असेल तर मोदक फाटतो. प्लास्टिकच्या पार्टचंही तेच. ती रेघ म्हणजे पार्टिंग लाइन. पार्ट न ओरबाडता सुटावा म्हणून उभ्या भिंतींना किंचित उतार द्यावा लागतो, त्याला ड्राफ्ट म्हणतात. साधारण एक ते दोन अंश.

एक अंश ऐकायला काहीच वाटत नाही. पण 100 मिलिमीटर खोल डब्याला एक अंश ड्राफ्ट दिला की प्रत्येक बाजूला भिंत सुमारे पावणेदोन मिलिमीटर झुकते. दोन्ही बाजू धरून वर आणि खाली साडेतीन मिलिमीटरचा फरक. डिझाइनरने काटकोनातली, करकरीत पेटी काढलेली असते आणि तिचं आता हलकंसं घमेलं होतं. त्यात पृष्ठभागाला टेक्स्चर हवं असेल तर ड्राफ्ट आणखी वाढवावा लागतो, नाहीतर साच्यातून निघताना टेक्स्चर घासून चकाकत्या रेघा पडतात.

मग भिंतीची जाडी. एबीएससारख्या प्लास्टिकमध्ये ती साधारण दोन ते तीन मिलिमीटर असते आणि सगळीकडे शक्य तितकी सारखी ठेवावी लागते. मजबुतीसाठी आतून रिब, म्हणजे उभी पट्टी, दिली आणि ती भिंतीइतकीच जाड केली, तर तिथलं प्लास्टिक उशिरा थंड होतं, आकसतं आणि बाहेरून नेमका त्या जागी खळगा दिसतो. हा सिंक मार्क. म्हणून रिब भिंतीच्या निम्म्या जाडीच्या आसपास ठेवायची. एबीएस थंड होताना साधारण अर्धा टक्का आकसतं, म्हणजे 200 मिलिमीटरच्या पार्टला एक मिलिमीटर. तो हिशोब साचा बनवणारा टूलरूमवाला साच्यात धरतो. पण पार्ट एका बाजूला जाड आणि दुसरीकडे पातळ असेल तर दोन बाजू वेगवेगळ्या आकसतात आणि पार्ट वाकडा होतो. स्क्रू कुठे बसणार, पीसीबी, म्हणजे सर्किटची पाटी, कशावर टेकणार, पावसाचं पाणी कुठून शिरणार, वायर ओढली तर सोल्डर तुटणार का, दुरुस्तीवाल्याला झाकण उघडता येणार का, हे सगळं त्याच कवचात बसवायचं.

हे करताना डिझाइनर आणि इंजिनिअर यांच्यात रोज जे चालतं ते काहीसं असं:

‘अरे, ही कडा इतकी जाड का दिसतेय?’

‘दोन पार्ट एकमेकांत बसायला ओठ दिलाय आतून.’

‘पण मी एक मिलिमीटरची फट काढली होती.’

‘फट ठेवतो. पण मग स्नॅप आत घ्यावे लागतील, साच्यात लिफ्टर येईल, साच्याची किंमत वाढेल. क्लायंटला तू सांगतेस की मी सांगू?’

(स्नॅप म्हणजे दोन पार्ट एकमेकांत अडकवणारे हुक; लिफ्टर म्हणजे असा आड येणारा भाग सोडवायला साच्यात तिरका सरकणारा तुकडा.) शेवटच्या वाक्यात या नोकरीचं सगळं कसब आहे. ‘हे होणार नाही’ म्हणणारा इंजिनिअर स्टुडिओत फार दिवस टिकत नाही, किंवा टिकला तर त्याला बैठकांना बोलवायचं बंद होतं. ‘होईल, पण त्याचे इतके पैसे आणि इतके आठवडे’ असं म्हणणारा पुढच्या प्रकल्पात पहिल्या दिवसापासून हवा असतो. आणि दर वेळी इंजिनिअरचंच खरं असतं असंही नाही. 1980 च्या दशकात हार्टमुट एसलिंगर यांच्या फ्रॉग डिझाइन या स्टुडिओने ॲपलसाठी जी डिझाइन भाषा बनवली, तिच्यात भिंती सरळ उभ्या, ड्राफ्ट शून्य, असा आग्रह होता. म्हणजे साच्याच्या बाजू वेगवेगळ्या दिशांना सरकवून उघडायच्या. साचा गुंतागुंतीचा आणि महाग. पाठ्यपुस्तकाप्रमाणे हा हट्टच. ॲपलने पैसे मोजले, आणि 1984 च्या ॲपल टू-सीसारखी यंत्रं आजही डोळ्यांत भरतात. नियम कुठे मोडायचा आणि त्याची किंमत कोण देणार, हे ठरवायच्या खोलीत तुम्ही असता. मला ही या नोकरीची सगळ्यात मोठी जमेची बाजू वाटते.

कागदावर असतानाची सत्ता

ही सत्ता काय करू शकते याचा नमुना म्हणजे ॲपलचा माउस. झेरॉक्स कंपनीकडे माउस होता, पण नाजूक आणि काही शेकडो डॉलरचा. स्टीव्ह जॉब्सना तो घरगुती संगणकाला परवडेल असा हवा होता. 1980 मध्ये काम गेलं होव्ही-केली डिझाइन नावाच्या एका लहानशा कंपनीकडे. डीन होव्हींचा पहिला कच्चा नमुना लोण्याच्या प्लास्टिकच्या डबीचा आणि रोल-ऑन डिओडरंटच्या गोळीचा होता. इथवरची गोष्ट सगळे सांगतात. पण माझ्या मते खरी करामत पुढची आहे. झेरॉक्सच्या माउसमध्ये गोळी टेबलावर दाबून धरणारी यंत्रणा होती. जिम युर्चेन्को या इंजिनिअरने गोळी मोकळीच सोडली, स्वतःच्या वजनाने टेकणारी. आणि जिथे अचूक माप लागतं ते सगळे भाग धरायला साच्यातून निघणारा प्लास्टिकचा एकच सांगाडा केला, ज्याला ते बरगड्यांचा पिंजरा म्हणत. अचूकता एकाच पार्टमध्ये कोंडल्यामुळे बाकीचे पार्ट स्वस्तात, ढिल्या मापात बनवता आले. 1983 मध्ये ॲपलच्या लिसा संगणकाबरोबर तो माउस बाजारात आला.

युर्चेन्को मोठ्या कंपनीच्या एखाद्या खात्यात असते तर त्यांच्याकडे आधीच्या माउसचं ड्रॉइंग आलं असतं आणि ‘खर्च दहा टक्के कमी करा’ असा मेमो. स्टुडिओत त्यांना वस्तू मुळापासून विचारात घेता आली. होव्ही-केलीमधले डेव्हिड केली स्वतः इलेक्ट्रिकल इंजिनिअर. 1991 मध्ये त्यांची कंपनी आणि आणखी दोन स्टुडिओ एकत्र होऊन आयडिओ झाली. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या डिझाइन कंपनीच्या मुळाशी एक इंजिनिअर आहे, हे डिझाइनर मंडळींना अधूनमधून आठवून द्यायला हरकत नाही.

आपल्याकडेही कामाची अशी विभागणी आहे. मतदान यंत्राची इलेक्ट्रॉनिक्स बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सची आणि हैदराबादच्या ईसीआयएलची. बाहेरचं औद्योगिक डिझाइन पवईच्या आयडीसीतल्या प्राध्यापकांचं. चिन्हासमोर निळं बटण, बोट दाबलं की लाल दिवा, लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही चुकायला वाव नको. असं यंत्र नुसत्या सर्किटच्या बाजूने विचार करणाऱ्याला सुचणं कठीण. स्टुडिओतला इंजिनिअर हे शेजारी बसून शिकतो. बटण दाबायला किती जोर लागतो हे त्याला न्यूटनमध्ये आधीपासून माहीत असतं. संधिवात झालेली आजी ते कसं दाबते, हे तो इथे पाहतो.

विविधतेचा फायदा उघडच आहे. वर्षभरात एक वैद्यकीय उपकरण, एक स्वयंपाकघरातलं, एक शेतीचं. एबीएस, पॉलिकार्बोनेट, सिलिकॉन, शीटमेटल, डाय-कास्टिंग असं सगळं थोडंथोडं हाताखालून जातं. पुढे स्वतःचा धंदा काढायचा असेल तर ही बाराखडी फार उपयोगी पडते. मोठ्या वाहन कंपनीत मात्र दाराचं बिजागर एके दाराचं बिजागर करण्यात चार वर्षं जाऊ शकतात. ते वाईट असं नाही; बिजागराबद्दल तुमच्याइतकं कुणाला कळत नाही, आणि ते ज्ञान बाजारात चांगल्या भावाने विकलं जातं.

आणि मग फाइल जाते

स्टुडिओचा करार साधारणपणे टप्प्यांचा असतो. कन्सेप्ट मंजूर, इतके टक्के. प्रोटोटाइप दाखवला, इतके टक्के. साच्यासाठीच्या थ्रीडी फाइल्स आणि ड्रॉइंग सोपवली, उरलेले. पुष्कळ करार इथेच संपतात. त्यानंतर भोसरीच्या किंवा वसईच्या एखाद्या टूलरूममध्ये साचा बनतो आणि पहिली ट्रायल लागते. त्या ट्रायलला जे दिसतं ते कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण दिसत नाही. पार्ट कोपऱ्यात भरलाच नाही. स्नॅप पांढरा पडून तुटला. दोन अर्ध्या भागांमध्ये कागद जाईल इतकी फट. सिंक मार्क नेमका कंपनीच्या लोगोखाली.

हे बघायला तिथे कोण असतं? टूलरूमचा माणूस, क्लायंटचा माणूस. रिब आखणारा इंजिनिअर बऱ्याचदा नसतो, कारण त्याच्या हजेरीचे पैसे कुणी धरलेले नाहीत. रिबची जाडी तिथल्या तिथे कमी होते, एक बॉस, म्हणजे स्क्रू बसायचा खांब, सरकतो, काम भागतं. वर्षभराने वस्तू बाजारात येते. विकल्यानंतर पहिल्या पावसाळ्यात किती परत आल्या, कुठे तडा गेला, ही माहिती क्लायंटच्या सर्व्हिस खात्यात राहते. स्टुडिओतला इंजिनिअर मात्र पुढच्या मिक्सरला तीच रिब, तसाच स्नॅप देत असतो. चुकला की नाही हे त्याला कधी कळतच नाही. पाच वर्षांत पंचवीस वस्तू हाताखालून जाऊनही एकीचंही म्हातारपण न पाहिलेला इंजिनिअर तयार होऊ शकतो, आणि बायोडेटावर तो फार अनुभवी दिसतो.

याच्या उलट टोकाला टायटनचं एज घड्याळ ठेवा. 2002 मध्ये आलेलं, साडेतीन मिलिमीटर जाडीचं, आतली यंत्रणा 1.15 मिलिमीटरची, तरी पाणीरोधक. असली वस्तू कंपनीच्या आतल्याच माणसांनी काही वर्षं चिकाटीने, बनवून, मोडून, पुन्हा बनवून केलेली असते. फीच्या टप्प्यांत हे बसत नाही. बाहेरच्या स्टुडिओला तितका वेळ कुणी देत नाही आणि दिलाच तर परवडत नाही.

कारण स्टुडिओ तास विकतो. तुमची टाइमशीट असते आणि प्रत्येक तास कुठल्या ना कुठल्या क्लायंटच्या नावावर पडावा अशी अपेक्षा असते. नवीन मटेरियल समजून घ्यायला टूलरूममध्ये घालवलेला दिवस कुणाच्याच नावावर पडत नाही. क्लायंटने तिसऱ्यांदा आकार बदलला की डिझाइनरचा एक दिवस जातो. इंजिनिअरचं मात्र त्या पृष्ठभागावर बांधलेलं अख्खं संगणकावरचं सीएडी मॉडेल कोसळतं, झाडासारखं एका खाली एक चूक दाखवत लाल होत जातं, आणि प्रेझेंटेशनची तारीख तीच राहते. त्या प्रेझेंटेशनमध्ये रेंडर, म्हणजे संगणकावर केलेली हुबेहूब चित्रं, दिसतात, आतली रिब कुणाला दिसत नाही. टाळ्या रेंडरला पडतात. हे एकदा स्वीकारलं तर ठीक. दर महिन्याला मनाला लागत असेल तर ही नोकरी त्रासाची आहे.

पगाराचं मी आकड्यात सांगत नाही, शहरागणिक आणि स्टुडिओगणिक फार बदलतो. कल मात्र ठरलेला दिसतो: सुरुवात बरी, पुढे शिडी आखूड. वीस माणसांच्या ऑफिसात इंजिनिअरच्या वर अजून एक-दोनच खुर्च्या असतात, आणि मुख्य खुर्चीवर बहुधा संस्थापक डिझाइनर बसलेला असतो. म्हणून पाच-सहा वर्षांनी बरेच इंजिनिअर क्लायंटकडेच नोकरी धरतात. काही सीईईडी ही प्रवेश परीक्षा देऊन एम.डेस. ही डिझाइनची पदव्युत्तर पदवी करतात आणि टेबलाच्या पलीकडे जाऊन बसतात. हा दुसरा रस्ता मला जरा जास्तच रोमँटिक वाटतो. इंजिनिअर राहूनही डिझाइन कळणारी माणसं बाजारात कमी आहेत. डिझाइनर तुलनेने पुष्कळ.

अस्थिरतेचंही बोलायला हवं. स्टुडिओ दुसऱ्याच्या बजेटवर जगतो, आणि मंदी आली की कंपन्या आधी बाहेरच्या सल्लागारांचं काम थांबवतात. मोठं नाव असलं तरी सुटका नाही. आयडिओने 2023 च्या अखेरीस जवळपास एक तृतीयांश माणसं कमी केली आणि म्युनिक व टोकियोची ऑफिसं बंद करायचं ठरवलं. फ्रॉग हात बदलत बदलत आज कॅपजेमिनी या बड्या सल्लागार कंपनीच्या पोटात आहे. आपल्याकडच्या लहान स्टुडिओत तर एका मोठ्या क्लायंटचं बिल तीन महिने अडकलं तरी पगार पुढे-मागे होऊ शकतात.

नावाचं काय? करारात गुप्ततेचं कलम असतं, त्यामुळे वस्तू बाजारात येईपर्यंत, कधी कधी त्यानंतरही, ती पोर्टफोलिओत दाखवता येत नाही. डिझाइन कायदा 2000 खाली नोंदणी होते ती मालकाच्या नावावर, आधी दहा वर्षं आणि वाढवली तर आणखी पाच. त्यात तुमचं नाव शोधत बसू नका. पेटंट मात्र वेगळं. यंत्रणेत खरोखर नवं काही तुम्ही काढलं असेल आणि क्लायंट त्याचं पेटंट घेत असेल, तर मालकी क्लायंटची राहूनही संशोधक म्हणून तुमचं नाव यावं अशी सोय 1970 च्या पेटंट कायद्यात आहे. पुष्कळ इंजिनिअर हे मागतच नाहीत. मागून पाहा. मात्र अर्ज भरतानाच सांगा, नंतर कागद हलवणं किचकट होतं.

जायचं असेल तर

कॉलेजातून थेट स्टुडिओत जाऊ नये, असं मी ओळखीच्या मुलांना सांगतो, आणि बहुतेक जण ऐकत नाहीत. आधी दोन-तीन वर्षं टूलरूममध्ये, मोल्डिंग शॉपमध्ये किंवा एखाद्या कारखान्याच्या प्रॉडक्शनला काढा. छत्रपती संभाजीनगरचं इंडो-जर्मन टूलरूम हे साचे शिकायचं नावाजलेलं ठिकाण आहे. स्टीलला हात लावून आलेला इंजिनिअर स्टुडिओत पहिल्या आठवड्यापासून वेगळा दिसतो. डिझाइनर त्याच्याशी वाद घालताना जरा जपून घालतात. थेट स्टुडिओत गेलेल्याला सीएडी भराभर येतं, पण ड्राफ्ट का द्यायचा हे त्याला नियम म्हणून माहीत असतं, आणि नियम मोडायची वेळ आली की तो अडतो.

आधीच थेट जाऊन बसला असाल तर काही बिघडलं नाही, फक्त ती शाळा स्वतःहून शोधावी लागेल.

मुलाखतीत ते तुम्हाला विचारतीलच, तुम्हीही विचारा. गेल्या तीन वर्षांतल्या किती वस्तू खरोखर दुकानात पोचल्या? कन्सेप्टवरच जगणारे स्टुडिओ असतात, तिथे इंजिनिअर फक्त रेंडरला विश्वासार्ह दिसायला मदत करतो. क्लायंटच्या पहिल्या बैठकीला इंजिनिअर असतो का, की आकार गोठल्यावर ‘आता हे बसवून दे’ म्हणून बोलावतात? एका वेळी किती प्रकल्प अंगावर असतात? तीनपर्यंत ठीक, पाच असतील तर एकही नीट होणार नाही. आणि पहिल्या ट्रायलला कोण जातं?

या शेवटच्या प्रश्नाला ‘क्लायंट बघून घेतो’ असं उत्तर आलं आणि तरीही नोकरी घ्यायची असेल, तर पगाराची घासाघीस थोडी कमी करा आणि त्याऐवजी हे मागा: तुम्ही आखलेल्या निदान दोन वस्तूंच्या ट्रायलला दर वर्षी तुम्ही जाणार, ते दिवस ऑफिसच्या खात्यावर, आणि टूलरूमने केलेले बदल फाइलमध्ये परत नोंदवायचं काम तुमचं. ऑफर लेटरमध्ये नाही तर ईमेलवर लिहून घ्या. स्टुडिओला याचा खर्च फार येत नाही, बहुतेक जण हो म्हणतात.